अजून थोडं खाली घ्या

नाशिक रोडच्या फलाटावर गाडी हलता हलता सुनंदा, म्हणजे माझी बायको, खिडकीचे गज धरून म्हणाली, "तिकडे कोणाला काही शिकवू नका."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेला हा प्रवासाचा एकमेव सल्ला. तो मी भुसावळपर्यंतसुद्धा पाळू शकलो नाही. तिथे चढलेल्या एका गृहस्थांना वरच्या बर्थवर कसं चढायचं ते मी समजावून सांगितलं. ते माझ्या सांगण्याप्रमाणे चढले आणि झोपले. बर्थ माझा होता. बडनेरा येईपर्यंत मी दाराशी पिशवीवर बसून होतो.

चाललो होतो सासुरवाडीला, पोळ्यासाठी. सुनंदाचे काका, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो, त्यांनी स्वतः फोन केला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस मोबाइलला हात लावत नाही. त्यांनी फोन लावला म्हणजे एक तर कोणी गेलं असणार, नाही तर काही तरी मोठं असणार. ते म्हणाले, "यंदा आमची पाळी आहे. घरातलं एक तरी माणूस पायजे." सुनंदाच्या शाळेत तपासणी होती. म्हणून घरातलं एक माणूस म्हणून मी.

गाव आर्णी तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. आणि हेही आधीच सांगून टाकतो की हे मी रागात लिहितो आहे. परत येऊन तीन आठवडे झाले, राग उतरलेला नाही. कोणाकोणाचा आहे, तेही पुढे कळेल.

बडनेऱ्याहून यवतमाळची एस.टी. मिळाली. यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. त्यावर रस्सा असा ओततात की बोंडा बुडतो आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून वर येतो. पुढची गाडी आर्णीची, पोळ्याच्या गर्दीने भरलेली. माणसांच्या पायांशी झुली, बेगड, रंगीत गोंडे. दांड्याला लटकलो होतो, तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोळ्याले चालले? कोणाइकडे?"

मी काकाजींचं नाव सांगितलं.

"त्याईचे कोण तुम्ही?"

"जावई. पुतणीचा नवरा."

तो उठून उभाच राहिला. "मंग उभे काहून जी? बसा ना बाप्पा." मी नको नको म्हणत बसलो. एकदा विचारलं, तुमचे पाय दुखतील. तो म्हणाला, "दुखतीन. पण जवाई उभा अन् मी बसून, हे कोणी पाह्यलं तं?"

बाहेर सोयाबीन शेंगांनी लगडलं होतं, कपाशीला पिवळी फुलं लागली होती, मधल्या ओळीत तूर आपली उंची वाढवत होती. मी खिडकीशी बसून सुखावलो. या मुलखात जावई म्हणजे काय चीज आहे, हे मला त्या सीटवर बसून फार गोड वाटलं. हीच गोष्ट दोन दिवसांनी माझ्या गळ्याला फास लावणार होती.

गावात पोचलो तेव्हा गोठ्यात खांदशेकणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू वाहून तिथे घट्टा पडलेला असतो. काकाजींच्या गोठ्यात दोन बैल, तांब्या आणि मोऱ्या. तांब्या सोळा वर्षांचा. तांबूस रंग आता कडेकडेने पांढरा होत आलेला, डोळ्यांखाली ओल. काकाजी त्याच्या खांद्यावरून पान फिरवत होते आणि त्याच्या कानाशी म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. ते बैलाला माणसासारखं, आदल्या दिवशी, अहो-जाहो करून देतात. काकाजींचा मुलगा विलास दारात उभा होता. त्याच्या मागे अंगणात ट्रॅक्टर. मी विनोद करायला गेलो, "याला नाही का आवतन?"

"देऊन पाह्यलं जवाईबापू," विलास म्हणाला. "थो डिझेल मांगते, पुरणपोळी खात नाही."

मग काकूंनी मला पाळीचा अर्थ सांगितला. गावात मानाची चार घराणी. पोळ्याच्या दिवशी आखरावर (गावाबाहेर गुरं गोळा होतात ती मोकळी जागा) दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्यासमोर सगळ्या जोड्या रांगेत उभ्या राहतात. ज्या घराची पाळी, त्याचा जुना बैल डोक्यावर मखर घेऊन पहिल्यांदा तोरणाखालून जातो. तो गेला की तोरण तोडतात. तोरण तुटलं म्हणजे पोळा फुटला. मग बाकीचे आपापले बैल घेऊन गावाकडे पळत सुटतात. पाळी चार वर्षांनी येते. काकाजींची मागची पाळी कोरोनाच्या साली आली. आखरावर पोलीस उभे होते. काकाजींनी त्या वर्षी जोडी गोठ्यातल्या गोठ्यात फिरवली आणि परत दावणीला बांधली.

म्हणजे आठ वर्षं झाली. आणि पुढची पाळी येईल तेव्हा तांब्या वीस वर्षांचा असेल. म्हणजे नसेल.

"महिना झाला," काकू म्हणाल्या, "रोज सकाळी काठी घरी ठेवून आखरावर चालत जाऊन राह्यले हे. कासरा दोन हातानं धरा लागते ना, मंग काठी कोणत्या हातात धरतीन? मायाशी लग्नाच्या टायमाले एवढी तयारी नव्हती केली."

"तवा कासरा तुह्या बापानं धरला होता," काकाजी गोठ्यातून म्हणाले.

मखर त्यांनी स्वतः केलं होतं. बांबूच्या कामट्यांचा देव्हाऱ्यासारखा छोटा मनोरा, रंगीत कागद, चार कोपऱ्यांना चार पणत्या बसतील अशी जागा. मी ते हातात घेऊन पाहिलं. आणि कामट्या कशा आडव्या लावायला हव्या होत्या, हे काकाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी तीनला जोड्या आखरावर आल्या. साठ-सत्तर असतील. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मी या आधी पोळा पाहिला नव्हता. आमच्याकडे नाशकात मातीचे बैल देव्हाऱ्यात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. इथे एकेक जोडी येत होती तसे लोक तिच्या मालकाचं नाव न घेता बैलांची नावं घेत होते. काकाजी पहिल्या जागी, तोरणापासून वीस पावलांवर उभे राहिले. नवं धोतर, डोक्याला दुपट्टा, दोन्ही हातांत कासरा. काठी नव्हती.

आता भाऊंविषयी सांगतो. गावात एक भाऊ आहेत. पुढच्या निवडणुकीला उभे राहणार. तोरणाच्या बांबूंवरच त्यांनी आपला फलक लावून घेतला होता. फलकावर त्यांचा चेहरा बैलापेक्षा मोठा. फलकाला जागा पाहिजे म्हणून सकाळी बांधलेलं तोरण सोडून त्यांच्या माणसांनी ते खाली, घाईघाईत परत बांधलं. काकाजींनी ती गाठ लांबून पाहिली.

आणि भाऊंनी आणला होता ड्रोन. आर्णीचा एक फोटोवाला, मंगेश, लग्नांचं शूटिंग करणारा. पस्तिशीचा, कपाळावर घाम, पायात कॅनव्हासचे बूट. काकाजींपासून आठ-दहा पावलांवर, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून तो हातातल्या पडद्याकडे बघत होता. मी पाहुणा, त्यातून जावई. मला त्याच्या शेजारची खुर्ची मिळाली.

तो ड्रोन वर गेला आणि पोळा थांबला. माझ्या रागाची पहिली काडी तिथे पडली. साडेतीन झाले, चार झाले. भाऊ माइकवरून सांगत होते, "सगळ्यांनी वर पाहा. हात हलवा. मागच्यांनी बी हलवा. जोड्या थोड्या जवळ घ्या, वरून जागा दिसून राह्यली." लोक हात हलवत होते. ज्या बैलांसाठी वर्षभर थांबले, त्यांच्याकडे पाठ करून आकाशाकडे बघून हसत होते. बैल उन्हात उभे. तोंडाला फेस. मध्येच भाऊ म्हणाले, उजेड चांगला नाही, ढग जाऊ द्या. काकाजींनी पायावरचा भार एकदा या पायावर घेतला, एकदा त्या.

पोळ्याला झडत्या म्हणतात. एक जण यमक जुळवून ओरडतो, बाकीचे हर हर महादेव करतात. टोमणे, चिमटे, सगळं त्यात चालतं. पण वरच्या भुणभुणीत लांबचे शब्द ऐकू येत नव्हते. शेवटी रांगेतला एक जण गळा फाडून म्हणाला,

"शिंगाले बेगड अन् गयात घुंगरू,
बैलाच्या डोक्यावर कायचं भुणभुणते पाखरू?"

लोक हसले. भाऊही हसले. माइकवरून म्हणाले, "हे चांगलं होतं, परत म्हण. या वेळी वर पाहून."

मी मंगेशला विचारलं, "एवढ्या गर्दीवर उडवायला परवानगी लागते ना? घेतली का?"

"भाऊनं घेतली असंन सर."

"असंन नाही. पाहायला पाहिजे. उद्या काही झालं तर?" आणि मी त्याला नियम, जबाबदारी आणि सुजाण नागरिक या विषयांवर दहा मिनिटं शिकवलं. त्याने मान डोलावली. मग मी सहज त्याच्या पडद्याकडे पाहिलं.

खोटं कशाला बोलू, मी चाट पडलो. वरून ती सगळी शिंगं, झुलींचे चौकोन, मधून माणसांच्या टोप्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक पांढरा ठिपका, काकाजी. मला वाटलं, हे सुनंदाला दाखवलं पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या नातलगांचा ग्रुप आला. तिथे मी हा व्हिडिओ टाकतो आहे, खाली मी लिहिलेलं चार ओळींचं वर्णन आहे, आणि सगळे म्हणताहेत, वा. पण तांब्याच्या डोक्यावरचं मखर दिसत नव्हतं.

"थोडं खाली घ्या," मी म्हणालो.

त्याने घेतलं.

"अजून. मखर यायला पाहिजे."

"तोरण आहे सर. अन् हवा सुटली."

"काही होत नाही हो. अजून थोडं खाली घ्या."

हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हणालो. माझं बोलणं तसंही मोठ्यानेच असतं. मंगेशने एकदा माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जवाईबापू म्हणतेत तं घेतो." आणि बोट हलवलं.

तेवढ्यात पणत्या लागल्या. भाऊंनी काकाजींना हात केला. काकाजींनी तांब्याच्या पाठीवर थाप मारली. पडद्यावर मला दिसलं की त्यांनी एक हात कासऱ्यावरून काढला आणि बैलाच्या डोळ्यावर आडवा धरला. वरून येणाऱ्या त्या गोष्टीकडे त्याने बघू नये म्हणून. पहिलं पाऊल. दुसरं. मग पडद्यावर नुसती पानं आली, हिरवी, थरथरणारी, आणि पडदा काळा झाला.

तोरणात ड्रोन अडकला. घाईतली ती गाठ सुटली. तोरण खाली आलं.

पुढच्या चार लोकांना काय झालं ते कळलं. मागच्या सगळ्यांना फक्त एवढंच दिसलं की तोरण पडलं. आणि तोरण पडलं म्हणजे पोळा फुटला. दोन तास उन्हात तिष्ठलेल्या गावाला दुसरा अर्थ लावायचं काही कारण नव्हतं. एकच आरोळी उठली आणि साठ जोड्या सुटल्या. काकाजींच्या डाव्याउजव्या बाजूंनी बैल आणि माणसं धावत गेली. कोणीतरी त्यांना घासून गेलं. ते गुडघ्यावर बसले. मखर तांब्याच्या डोक्यावरून घरंगळलं, त्यावर एकामागून एक खूर पडले. कासरा त्यांनी सोडला नाही.

धुरळा बसला तेव्हा आखरावर काकाजी, त्यांची जोडी, दोन मोकळे बांबू आणि भाऊंचा हसरा चेहरा असलेला फलक एवढंच उरलं होतं. कोणाचा पाय बैलाखाली आला होता, कोणाची चप्पल तुटली होती. जिवावर कोणाच्या बेतलं नाही, याचं श्रेय बैलांना.

विलास धावत गेला. त्याने बापाला उठवलं. मग तो आणि आणखी पाच-सात जण कडुनिंबाकडे आले. त्यांच्या पुढे भाऊ. भाऊंनी मंगेशच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर, जोरात.

"कोणं सांगतलं बे तुले एवढं खाली घ्याले?"

मंगेशने गालावर हात धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना दिसेल असं नाही, फक्त मला कळेल एवढं. मी माझ्या चपलेचा अंगठा नीट करत होतो. अंगठा तुटलेला नव्हता.

"हवेनं गेला भाऊ," मंगेश म्हणाला.

तोरणातून काढलेला ड्रोन कोणीतरी त्याच्या पायाशी आपटला. विलास मला म्हणाला, "चला जवाईबापू, तुम्ही कायले थांबता या भानगडीत." आणि मी गेलो. हे मी लिहून ठेवतो आहे. मी गेलो.

काकाजी मधल्या वाटेने आले नाहीत. घरोघरी बैलांना ओवाळत होते, ती वाट टाळून ते मागच्या गल्लीने आले. काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. आखरावर बायका जात नाहीत, त्यांना काही माहीत नव्हतं.

"झालं तोरण?" त्यांनी विचारलं. मग तांब्याच्या रिकाम्या डोक्याकडे पाहिलं.

"पडलं," काकाजी म्हणाले.

काकूंनी ताट खाली ठेवलं. बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. तांब्याने दोन घासांत संपवली. त्याला वाटलं असेल, आवतन दिलं होतं, जेवायला घातलं, सगळं रीतसर झालं.

मग मला पाट मांडला. ताटाभोवती रांगोळी. मला पहिली पुरणपोळी, मला तुपाची वाटी, मला कढीतला सगळ्यात मोठा वडा. विलास स्वतः वाढत होता. "घ्या ना, लाजून राह्यले का?" मी चार पोळ्या खाल्ल्या. प्रत्येक घासाला वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल. मी मनात उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. काकाजी भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होते, आणि मला म्हणाले, "जवाईबापू, पुरण गोड झालं ना?"

सकाळी भाऊ आले. दोन माणसं बरोबर. ओसरीवर बसले, चहा घेतला, काकाजींच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "काकाजी, झालं ते झालं. मी दुसरा ड्रोन बोलावतो. परत तोरण बांधू. दहा-बारा जोड्या उभ्या करू, जवळून घेतलं की गर्दी वाटते. तुम्ही तांब्याले घेऊन निघा फक्त. व्हिडिओत सगळं बरोबर येते."

काकाजींनी बशीतला चहा संपवला.

"आवतन कालचं होतं," ते म्हणाले. "बैल काल जेवले. आज त्याईले काय सांगून उठवू?"

भाऊंना ते समजलं नाही. ते हसून म्हणाले, "बरं, पाहा विचार करून. अन् तो फोटोवाला, त्याची काळजी करू नका. आर्णीत धंदाच करू देत नाही त्याले."

तिथे माझं डोकं फिरलं. आदल्या दिवशी फिरायला हवं होतं, पण माझं सगळं उशिराच होतं. मी म्हणालो, "त्याचा काय दोष? दोन तास माणसं-बैल उन्हात तुम्ही उभे केले. तोरण तुम्ही सोडलं, तुमचं थोबाड लावायला. गाठ तुमच्या माणसांनी मारली. देवाच्या कामाला आलेल्या लोकांना तुम्ही हात हलवायला लावले. आणि मारलंत कोणाला, तर ज्याला उलटून मारता येत नाही त्याला." मी कप खाली ठेवला. "आणि खाली घ्यायला त्याला मी सांगितलं. मी. तीन वेळा सांगितलं."

मला वाटलं, आता थप्पड पडणार. खरं सांगतो, पडली असती तर बरं झालं असतं.

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जवाईबापू लय मोठ्या मनाचे आहेत," ते आपल्या माणसांना म्हणाले. "गरिबासाठी सोतावर घेऊन राह्यले."

"मोठ्या मनाचा नाही, मी खरंच…"

"जाऊ द्या ना जी," विलास म्हणाला. त्याची नजर जमिनीकडे. त्याला कळलं होतं. "चहा घ्या अजून." आणि त्याने माझ्या कपात चहा ओतला.

तेव्हा मला कळलं की या गावात मी काहीही केलं तरी मला चहाच मिळणार. जावयाला बोलायचं नसतं. माझ्या वाटणीची थप्पड आधीच दुसऱ्या माणसाने खाल्ली होती, आणि ती परत घ्यायची सोय नव्हती.

निघताना आहेर झाला. टॉवेल, टोपी, नारळ. काकाजी म्हणाले, "मी येतो आर्णीपर्यंत. गुडघा दाखवायचा आहे." काळीपिवळी जीपमध्ये मला पुढची सीट आणि ते मागे, आठ जणांत दाबून. मी मागे बसतो म्हणालो, तर ड्रायव्हरनेच ऐकलं नाही.

आर्णीला उतरल्यावर मी म्हणालो, "मला त्या फोटोवाल्याकडे जायचं आहे." काकाजींनी का म्हणून विचारलं नाही. काठी टेकत माझ्याबरोबर आले.

दुकान लहान. भिंतीवर नवरानवरींचे फोटो. मंगेश उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. अर्थात मला. मी बसलो नाही. मी म्हणालो, "काल मी बोलायला पाहिजे होतं."

"असं नका म्हणू सर. तुम्ही पाहुणे."

हा शब्द मला त्या क्षणी शिवीसारखा लागला. त्याच्या गालावर सूज होती. त्याने सांगितलं की भाऊंचा व्हिडिओ तासाभरापूर्वीच चढला. रात्री त्यांचा माणूस येऊन सगळं घेऊन गेला. आम्ही तिथे उभ्या उभ्या पाहिला. वरून सुंदर आखर, हात हलवणारं गाव, भाऊंचा चेहरा, मग बैल सुटतात, तेवढं कोणाच्या तरी मोबाइलवरचं. दणदणीत संगीत. तोरण पडताना दिसत नाही. काकाजी दिसत नाहीत. पोळा झाला असं दिसतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, आपली संस्कृती, आपला अभिमान.

"पुरा आहे का तुयापाशी?" काकाजींनी विचारलं.

मंगेशने कापायच्या आधीचा लावला. काकाजी पडद्याशी वाकले. साठ जोड्या, मग कमी, मग त्यांची एकच. पांढरं होत आलेलं तांबूस अंग. मखर, चार पणत्या. एक हात बैलाच्या डोळ्यावर. दोन पावलं. पानं.

"परत लाव."

त्याने परत लावला. काकाजींनी बोट पडद्यावर ठेवलं, तांब्याच्या पाठीवर. "किती बारका दिसते वरून," ते म्हणाले.

"काकाजी, माफ करा मले," मंगेश म्हणाला. "मी नको म्हणाले पायजे होतं."

"तू म्हणलं होतं," काकाजी म्हणाले. "हवा सुटली म्हणलं होतं. मले ऐकू आलं. माये कान अजून शाबूत आहेत." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "याईचा आवाज तं पार गावाच्या त्या टोकाले जाते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आखरावर, गुडघ्यावर बसले तेव्हा माहीत होतं. पुरण गोड झालं का विचारलं तेव्हा माहीत होतं.

स्टँडवर माझी गाडी लागली. मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "काकाजी, बोला काही तरी. शिव्या द्या. जावई म्हणून सोडू नका."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं, बाजारात बैल पाहावा तसं. खांद्यावर पंजा ठेवून दाबून पाहिलं. मग म्हणाले, "चार वर्षानं पाळी येते. मी राहीन का नाही, मायं मी पाहून घेतो. तांब्या राहत नाही. त्याच्या जागी तू ये. डोक्याले मखर बांधतो, चार पणत्या लावतो अन् सगळ्या गावासमोर तोरणाखालून तुले नेतो. अन् तवा तोंडातून एक शब्द काढला तं मुस्कं बांधीन." (मुस्कं म्हणजे बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती जाळी.)

पंचवीस वर्षांत ते मला पहिल्यांदा तू म्हणाले.

मग ते वळले आणि काठी टेकत दवाखान्याकडे गेले. गाडीत गर्दी होती. कोणीतरी विचारलं, कुठले, कोणाइकडे आलते? मी म्हणालो, कोणाकडे नाही. बडनेऱ्यापर्यंत उभा आलो.

नाशकात आल्यावर सुनंदाला सगळं सांगितलं. माझ्या घरात मी जावई नाही, त्यामुळे तिथे सोय होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नातलगांच्या ग्रुपवर भाऊंचा तो व्हिडिओ आला, कुठून कुठून फिरत. खाली तिच्या मावसभावाने लिहिलं होतं, काकाजींचा पोळा, काय थाट. मी लिहिलं की हा काकाजींचा पोळा नाही. काकाजींचा पोळा माझ्यामुळे झालाच नाही. आणि का, तेही लिहिलं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, जावई असावा तर असा.

मंगेशने मला काकाजींचा तो तुकडा पाठवला आहे. तो मी कोणाला पाठवलेला नाही. रात्री जेवण झालं की सुनंदा फोन मागून घेते आणि एकदा बघते. दोन पावलं आहेत. तोरण अठरा पावलं पुढे आहे.

काल ती फोन परत देताना म्हणाली, "ते खरंच बांधतील हं तुम्हाला मखर. काकाजी बोललेलं सोडत नाहीत."

मी म्हणालो, मला माहीत आहे. रोज सकाळी मी नदीपर्यंत चालायला लागलो आहे, तोंड बंद ठेवून. चार वर्षांत जमेल.